शिकारक्षेत्रांचे मानांकन आणि खान्देशचे रान : एक चिकित्सा

प्रस्तावना

वन्यजीव-व्यवस्थापनाच्या क्षेत्रात 'मानांकन' हा शब्द गेल्या दोन दशकांत चांगलाच रुळला आहे. एखाद्या खासगी शिकारक्षेत्रात शिकारीच्या पशुपक्ष्यांची आणि त्यांच्या सोबतीने राहणाऱ्या इतर वन्यजीवांची निगा नीट राखली जाते काय, हे एखाद्या संस्थेने तपासावे आणि समाधान झाल्यास मालकाला प्रमाणपत्र द्यावे, अशी ही मूळ कल्पना. भारतात शिकारच बंद असल्यामुळे हा विषय प्रथमदर्शनी परका वाटतो. परंतु ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्र शासनाने हरित श्रेयांक कार्यक्रम जाहीर केला, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये भारतीय वन व काष्ठ प्रमाणन योजना सुरू झाली, आणि रानाची राखण करणाऱ्याला शिक्का व शिक्क्यामागून मोबदला द्यावा ही भाषा आता आपल्याकडेही सरकारी कागदांत दिसू लागली आहे. खासगी जमिनीवरील वन्यजीवांच्या बाबतीतही हीच वाट सुचविली जाणे फार दूर नाही. म्हणून या कल्पनेची जळगाव व धुळे या दोन जिल्ह्यांच्या संदर्भात आधीच तपासणी करणे उपयुक्त ठरेल, असे वाटते.

प्रस्तुत लेखातील मुख्य आक्षेप असा आहे की, मानांकन हे जमिनीच्या मालकाला प्रश्न विचारते. खान्देशात ज्याच्या हरभऱ्यात रोही उतरतात तो शेतकरी, ज्याच्या वाड्यावर बिबट्या येतो तो मेंढपाळ, आणि ज्याने पिढ्यान्‌पिढ्या जनावरांचा माग काढला तो भिल्ल वा पारधी, यांपैकी एकही जण मानांकनाला अभिप्रेत असलेल्या अर्थाने मालक नाही. प्रश्नच चुकीच्या माणसाला विचारला गेला तर उत्तर कितीही नीटनेटके असले तरी त्याचा उपयोग मर्यादित राहतो.

कल्पनेचे मूळ घर

ही कल्पना जेथे वाढली तेथील परिस्थिती प्रथम लक्षात घेतली पाहिजे. युरोपातील जमीनमालकांच्या संघटनेने 'वाइल्डलाइफ इस्टेट्स' या नावाचे मानचिन्ह सुरू केले. स्कॉटलंडमध्ये ते २०१० पासून तेथील जमीनमालकांच्याच संघटनेमार्फत राबविले जाते. त्यात दोन स्तर आहेत. पहिल्यात मालकाने उत्तम व्यवहाराची बांधिलकी स्वीकारायची. दुसऱ्यात तपासनीस जागेवर येऊन अधिवास, प्रजाती, शिकारीचे नियोजन, स्थानिकांशी संबंध यांची पाहणी करतो आणि ठरावीक मुदतीनंतर ते प्रमाणपत्र पुन्हा मिळवावे लागते.

या व्यवस्थेमागे एक कायदेशीर गृहीत आहे. ब्रिटिश परंपरेत जिवंत वन्य प्राणी कोणाच्याच मालकीचा नसतो; मात्र तो मारण्याचा हक्क जमिनीला जोडलेला असतो. तो हक्क विकता येतो, भाड्याने देता येतो. त्यामुळे शेकडो किंवा हजारो हेक्टरांच्या मालमत्तेवर तितर, ग्राउस किंवा हरणे किती आहेत यावर मालकाचे उत्पन्न अवलंबून राहते. जनावर टिकले तर पैसा टिकतो, हे तेथे उघड हिशेबाचे वाक्य आहे.

या हिशेबातून काही चांगले निपजले आहे हे मान्य केलेच पाहिजे. स्पेनमधील आयबेरियन लिंक्स ही मार्जारकुळातील प्राणिजात २००२ च्या सुमारास शंभराच्या आत आली होती. तिचा बराचसा अधिवास खासगी मालमत्तांमध्ये, त्यातही शिकारीसाठी राखलेल्या जमिनींत होता. मालकांशी करार करून ससे वाढविणे, लिंक्सला त्रास न देणे आणि बंदिस्त प्रजननातून आलेली जनावरे सोडणे असा कार्यक्रम चिकाटीने राबविला गेला. २०२३ पर्यंत ही संख्या दोन हजारांवर गेली आणि २०२४ मध्ये जागतिक यादीत तिची श्रेणी 'संकटग्रस्त' मधून 'असुरक्षित' अशी सुधारली. शिकारीच्या जमिनीतून मांसभक्षक प्राणी वाचू शकतो याचा इतका ठळक पुरावा दुसरा क्वचितच सापडेल. तथापि हे यश शिक्क्याचे म्हणता येत नाही. ते करारांचे, सार्वजनिक निधीचे आणि सशांचे आहे.

उलट बाजूही आहे. स्कॉटलंडमध्ये उपग्रह-पट्टे लावलेल्या १३१ सुवर्णगरुडांपैकी ४१ पक्षी संशयास्पद रीतीने नाहीसे झाले, असे २०१७ मध्ये शासनासाठी झालेल्या अभ्यासात आढळले. त्यांतील अनेक ठिकाणे ग्राउसच्या शिकारीसाठी राखलेल्या माळरानांशी जुळत होती. मानांकित मालमत्तांवरच हे घडले असा निष्कर्ष यातून काढता येत नाही, आणि काढूही नये. पण स्वेच्छेचे मानांकन चालू असतानाही हा प्रश्न सुटला नाही, हे निश्चित. शेवटी २०२४ मध्ये तेथील संसदेने कायदा करून ग्राउसच्या शिकारीसाठी परवाना सक्तीचा केला. चांगले मालक मानांकनासाठी स्वतःहून पुढे येतात. ज्यांच्यामुळे प्रश्न निर्माण होतो ते अर्जच करीत नाहीत. स्वेच्छेच्या प्रत्येक शिक्क्याला हा दोष चिकटलेला असतो.

खान्देशातील शिकार : एक धावता आढावा

खान्देशात खासगी शिकारक्षेत्राची परंपरा अशी फारशी नाही. १८१८ नंतर हा मुलूख थेट इंग्रजी अमलाखाली आला. दाजीपूरच्या जंगलात कोल्हापूरच्या छत्रपतींनी राखली तशी संस्थानी शिकारगाह येथे उभी राहिली नाही. त्या दाजीपूरचे पुढे १९५८ मध्ये गव्यांसाठी अभयारण्य झाले, आणि शिकारीसाठी राखलेले रान संरक्षणाला कसे उपयोगी पडते याचे ते महाराष्ट्रातील ठळक उदाहरण ठरले. खान्देशात मात्र शिकार ही राज्यकर्त्यांच्या वसाहतीकरणाचे साधन होती. १८२५ मध्ये भिल्ल पलटण उभारण्यासाठी आलेला जेम्स आउट्रम धरणगावी राहिला. त्याच्या दहाएक वर्षांच्या वास्तव्यात त्याच्या सहभागाने मारल्या गेलेल्या वाघांचा आकडा दोनशेच्या घरात जातो. वाघ मारला की गुराखी निर्धास्त, गुराखी निर्धास्त की पडीक जमीन लागवडीखाली, लागवड वाढली की सारा वाढला, अशी ती साखळी होती. माग काढणारा, हाका घालणारा आणि प्रसंगी जखमी होणारा भिल्ल या साखळीत सगळीकडे आहे. पुढे लिहिल्या गेलेल्या शिकारकथांत मात्र त्याचे नाव क्वचित येते. (अजिंठ्याची लेणी १८१९ मध्ये इंग्रजांच्या दृष्टीस पडली तीही जॉन स्मिथ या लष्करी अधिकाऱ्याच्या शिकारफेरीत. त्याने दहाव्या लेण्यातील खांबावर आपले नाव व तारीख कोरली. लेणी ज्यांना पूर्वीपासून ठाऊक होती त्यांचे नाव तेथेही नाही.)

विसाव्या शतकात राखीव वनांचे गट पाडून ते परवानाधारक शिकाऱ्यांना ठरावीक दिवसांसाठी देण्याची पद्धत होती. १९५१ च्या मुंबई वन्य प्राणी व वन्य पक्षी संरक्षण कायद्याने परवान्यांची ही व्यवस्था अधिक नियमबद्ध केली. येथे एक प्रचलित समज दुरुस्त करणे आवश्यक आहे. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याने शिकार एका फटक्यात बंद झाली असे सर्रास लिहिले जाते. वस्तुतः मूळ कायद्यात मोठ्या व लहान शिकारीसाठी परवान्यांची तरतूद होती, आणि कलम ३६ मध्ये 'गेम रिझर्व्ह', म्हणजे परवान्याने शिकार करता येईल असे क्षेत्र, जाहीर करण्याची सोयही होती. हे सारे १९९१ च्या दुरुस्तीने गेले. त्याच क्रमांकाच्या आसपास २००२ च्या दुरुस्तीने ३६-अ आणि ३६-क ही कलमे आली : पहिले 'संवर्धन राखीव' क्षेत्राचे, दुसरे 'सामुदायिक राखीव' क्षेत्राचे. कायद्याच्या पुस्तकात ज्या जागी एकेकाळी शिकारक्षेत्र होते, तेथे आज राखण आहे.

हा क्रम केवळ इतिहास म्हणून सांगितलेला नाही. मानांकनाला चार गोष्टी लागतात : जमीन सलग हवी, ती एका हातात हवी, जनावरावर मालकाचा काही हक्क हवा आणि त्या हक्काला गिऱ्हाईक हवे. या चारही बाबतीत महाराष्ट्राच्या कायद्याने गेल्या सत्तर वर्षांत नेमका उलटा प्रवास केला आहे.

चोपन्न एकरांचे रान

कमाल जमीनधारणा कायद्यानुसार कोरडवाहू जमिनीची मर्यादा ५४ एकर, म्हणजे सुमारे २२ हेक्टर आहे. बारमाही ओलिताची १८ एकर. यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात किंवा तापीच्या काठी ती प्रत्यक्षात वाटण्या होऊन आणखी लहान तुकड्यांत गेली आहे. चोपन्न एकरांत तितरांचे चार थवे राहू शकतील, एखादे सशाचे कुटुंब नांदेल; बिबट्याला एवढे शेत म्हणजे एका रात्रीची वाट. जनावराचा वावर आणि माणसाचा सातबारा यांचे माप येथे कधीच जुळत नाही. खासगी वनांची गोष्ट तर त्याहून सरळ आहे : १९७५ च्या महाराष्ट्र खासगी वने (संपादन) कायद्याने ती ३० ऑगस्ट १९७५ पासून शासनाकडे निहित झाली. त्यावरील वाद दशकानुदशके न्यायालयांत चालले, पण तत्त्व कायम राहिले.

जनावरावरील हक्काबाबत कलम ३९ पुरेसे स्पष्ट आहे. परवानगीने मारलेला असो, बेकायदा मारलेला असो किंवा मेलेला सापडलेला असो, वन्य प्राणी ही शासनाची मालमत्ता ठरते. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींच्या परंपरागत हक्कांची दीर्घ यादी मान्य केली. त्या यादीच्या अखेरीस शिकार आणि सापळे लावणे हा एकच परंपरागत हक्क नाव घेऊन वगळला. त्यामागील कारणे समजण्यासारखी आहेत आणि येथे त्यांना विरोध करण्याचा हेतू नाही. मुद्दा इतकाच की, 'जनावर टिकले तर पैसा टिकतो' हे वाक्य सातपुड्याच्या पायथ्याशी बोलता येत नाही. तेथे त्याचे रूप 'जनावर टिकले तर पीक जाते' असे होते.

२०१५ च्या शासन निर्णयाने पिकांची नासाडी करणारे रानडुक्कर व रोही यांच्या शिकारीची परवानगी देण्याचे अधिकार वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या पातळीपर्यंत आणले. कागदावर हा शेतकऱ्याला मोठा दिलासा आहे. पण अर्ज करणाऱ्या शेतकऱ्याकडे बहुधा बंदूक नसते, नेम धरणारा मिळत नाही, आणि मारलेले जनावर त्याचे नसते. राज्य ज्याला शिकारीची परवानगी देते त्याला शिकारीचा काहीच लाभ नाही, अशी ही विलक्षण स्थिती आहे. परिणामी ती परवानगी वापरण्याऐवजी कुंपणात वीज सोडण्याचा गुपचूप मार्ग अनेकदा पत्करला जातो. त्यात डुकराबरोबर तरस, कोल्हा, गाय आणि कधी माणूसही सापडतो. वन्यजीवांच्या खासगी व्यवस्थापनाचे खान्देशातील खरे रूप पाहायचे असेल तर ते येथे, रात्रीच्या या तारेत आहे. कोणत्याही मानांकनाच्या नमुन्यात तिच्यासाठी रकाना नाही.

चाळीसगाव तालुक्यातील २०१७ चा प्रसंग या दृष्टीने बोलका आहे. गिरणेच्या पट्ट्यात बिबट्याच्या हल्ल्यांत त्या वर्षाच्या उत्तरार्धात एकामागून एक माणसे दगावली. शेतमजूर सूर्यास्ताआधी शेत सोडू लागले, कापूस वेचणीच्या ऐन हंगामात मजूर मिळेना. अखेर डिसेंबरमध्ये वरखेडे परिसरात, बाहेरून बोलावलेल्या शिकाऱ्याच्या गोळीने ते जनावर मारले गेले. त्यानंतर जनावराची ओळख, गोळीची निकड, पिंजऱ्यांचे अपयश यांवर वर्तमानपत्रांत चर्चा झाली. परंतु ज्या पट्ट्यात उसाची व केळीची दाट झाकण, नदीकाठच्या घळी आणि मोकाट कुत्री-डुकरे यांनी बिबट्याला वर्षभराचे घर दिले आहे, त्या पट्ट्याचे व्यवस्थापन कोणाकडे आहे हा प्रश्न मागे पडला. वन विभागाच्या नकाशावर ती वनजमीन नाही, शेतकऱ्याच्या दृष्टीने बिबट्या त्याचा नाही. त्या पट्ट्याची जबाबदारी घेणारे कोणीही नाही आणि म्हणून मानांकनासाठी अर्ज करणारेही कोणी नाही.

स्वतःच लिहायचे, स्वतःच वाचायचे

मानांकनाच्या पद्धतीविषयी महाविद्यालयीन वाचकाला फार समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. 'नॅक'ची स्थापना १९९४ मध्ये झाली. स्वयंअध्ययन अहवाल, निकष, गुणभार, समकक्ष समितीची भेट या साऱ्यांतून प्राध्यापकवर्ग गेला आहे. भेटीच्या आदल्या पंधरवड्यात कोणते फलक लागतात आणि कोणत्या समित्यांची मागील पाच वर्षांची इतिवृत्ते तयार होतात, हेही ठाऊक आहे. तरीही त्या प्रक्रियेला सर्वस्वी निष्फळ म्हणणे अन्यायाचे होईल. अनेक महाविद्यालयांत ग्रंथालयाची नोंद, माजी विद्यार्थ्यांची यादी आणि प्रयोगशाळेची देखभाल त्या निमित्ताने प्रथमच नीट झाली. पण वर्गात काय शिकविले गेले याचा अंदाज अहवालावरून येत नाही. तो विद्यार्थ्याला विचारावा लागतो, आणि विद्यार्थ्यांच्या समाधानाची पाहणी या पद्धतीत बरीच उशिरा, २०१७ च्या सुधारित आराखड्यानंतर आली.

वन्यजीव-मानांकनाचे दुखणे हेच आहे. अहवाल मालक लिहितो, निकष मालकांची संघटना ठरविते, आणि जो या पद्धतीतला 'विद्यार्थी', म्हणजे शेजारी, त्याला विचारण्याची सक्ती नसते. प्राणी तर बोलत नाहीतच.

भारतात वन्यजीवांच्या क्षेत्रात मूल्यमापनाच्या पद्धती नाहीत असे नाही. प्राणिसंग्रहालयांना १९९२ पासून केंद्रीय प्राधिकरणाची मान्यता लागते. व्याघ्र प्रकल्पांचे व्यवस्थापन-परिणामकारकता मूल्यमापन २००६ पासून होत आले असून त्यात बाहेरचे तज्ज्ञ व निवृत्त वनाधिकारी यांच्या समित्या 'अति उत्तम' पासून खाली श्रेणी देतात. २०२१ मध्ये देशातील १४ व्याघ्र प्रकल्पांना वाघसंवर्धनाचे आंतरराष्ट्रीय मानांकन मिळाले, त्यांत महाराष्ट्रातील पेंच होता. या पद्धतींचे दोन गुण आहेत : त्या सार्वजनिक संस्थेला लागू होतात आणि तपासणारा हा तपासल्या जाणाऱ्याच्या संघटनेचा सभासद नसतो. दोष हा की, त्यांची नजर सीमेच्या आत राहते. खान्देशातील संरक्षित क्षेत्रांची रचना पाहता हा दोष किरकोळ नाही. यावल अभयारण्य १९६९ मध्ये जाहीर झाले, क्षेत्र सुमारे १७५ चौरस किलोमीटर. शिरपूर तालुक्यातील अनेर धरण अभयारण्य १९८६ चे, सुमारे ८३ चौरस किलोमीटर. मुक्ताईनगर तालुक्यातील मुक्ताई-भवानी हे संवर्धन राखीव क्षेत्र सव्वाशे चौरस किलोमीटरच्या आत. हे तीन तुकडे स्वतंत्रपणे लहानच आहेत. मुक्ताई-भवानीचे महत्त्व त्याच्या आकारात नसून, पूर्वेला मेळघाटच्या अंबाबरवा भागाकडून येणाऱ्या वाघाला पश्चिमेकडे सरकण्यासाठी ते मधला टप्पा देते, यात आहे. आणि या टप्प्याच्या दोन्ही अंगांना शेती आहे.

कलम ३६-अ खाली येणारे संवर्धन राखीव क्षेत्र केवळ शासकीय मालकीच्या जमिनीवर होऊ शकते. पूर्णेच्या काठची केळीची बाग, जिच्यातून वाघ रात्री जातो, त्यात समाविष्ट होत नाही. खासगी जमिनीसाठी ३६-क आहे. पण एकदा ते लागू झाले की समितीचा ठराव व शासनाची मान्यता यांशिवाय जमिनीचा वापर बदलता येत नाही. दोन एकरांच्या मालकाने केवळ वन्यजीवांसाठी आपल्या सातबाऱ्यावर असा भार का ओढवून घ्यावा, याचे उत्तर कायदा देत नाही. महाराष्ट्रात या कलमाकडे शेतकरी फारसे वळले नाहीत यात आश्चर्य वाटू नये.

बारीपाडा : मालकीवाचून राखण

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील बारीपाडा या कोकणा आदिवासींच्या लहानशा गावाने या साऱ्या चर्चेला वेगळे वळण दिले आहे. उजाड झालेल्या डोंगरावर गावाने १९९० च्या दशकाच्या आरंभापासून कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी लागू केली. नियम ग्रामस्थांनी केले, राखणदार त्यांनी नेमले, दंड त्यांनी ठरविला आणि तो आधी आपल्याच माणसांकडून घेतला. सुमारे साडेचारशे हेक्टर जंगल त्यातून पुन्हा उभे राहिले; पाण्याची स्थिती पालटली; भात, स्ट्रॉबेरी, भाजीपाला आला; रानभाज्यांची स्पर्धा तेथे २००४ पासून भरते आणि तिला परगावचे लोक येतात. या कामाचे प्रमुख चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली.

बारीपाड्याचे गौरवीकरण पुष्कळ झाले आहे. त्यात भर घालण्याचे येथे प्रयोजन नाही. लक्षात घ्यायचे ते असे की, हे जंगल गावाच्या मालकीचे नाही. स्कॉटलंडच्या मालमत्तेत मालकीतून राखण निपजते असे मानले जाते. येथे राखण आधी आली आणि तिच्यातून एक प्रकारचा अधिकार निर्माण झाला; त्या अधिकाराला वनहक्क कायद्यासारखे कायदेशीर शब्द पुष्कळ नंतर मिळाले. शिक्काही नंतरच आला. गावाने ज्या दिवशी पहिला दंड वसूल केला त्या दिवशी कोणी तपासनीस आला नव्हता, कोणताही नमुना भरला नव्हता. तपासणारा तेथे रोजच असतो, कारण ज्याची बैलजोडी जंगलात पकडली गेली तो दुसऱ्या दिवशी गावच्या बैठकीत समोर बसलेला असतो.

मात्र बारीपाड्याचा नमुना सगळीकडे चिकटविण्याचा मोह टाळला पाहिजे. ते एकजिनसी आणि लहान गाव आहे. तेथील जंगलाने गावाला पाणी दिले, आणि हा लाभ सर्वांना दिसला. यावलच्या पायथ्याशी परिस्थिती निराळी आहे. तेथे अतिक्रमण, वनहक्काचे प्रलंबित दावे, सीमेपलीकडून येणारे लाकूडतोडे आणि केळीचा मोठा व्यापार एकाच पट्ट्यात आहेत. बिबट्या टिकल्याने केळी-बागाईतदाराला पाणी मिळत नाही. त्याला काय मिळते, हा प्रश्न येथे प्रामाणिकपणे विचारावा लागेल. खान्देशातील शेतकरी शिक्क्याला विरोधी नाही : जळगावच्या केळीला आणि भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा त्याचा आनंदच झाला, आणि निर्यातीसाठी लागणारी प्रमाणपत्रे येथील बागाईतदार खर्च करून घेतात. पण त्या शिक्क्यांना गिऱ्हाईक आहे. 'या बागेत बिबट्याला त्रास दिला जात नाही' या शिक्क्याला मुंबईच्या किंवा आखाती देशांच्या बाजारात जादा भाव मिळेल, असे आज तरी दिसत नाही.

ज्याने माग काढला तो

शेवटी पारध्यांचा उल्लेख केल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. फासे, जाळी आणि आडोशासाठी वापरलेला बैल यांच्या साहाय्याने तितर, लावा, हरीण धरणारा हा समाज जळगाव जिल्ह्यात आणि शेजारच्या विदर्भात पसरलेला आहे. १८७१ च्या कायद्याने जमातींना गुन्हेगार ठरविण्यास प्रारंभ झाला. तो कायदा गेला १९५२ मध्ये. जेमतेम वीस वर्षांनी वन्यजीव कायदा आला आणि पारध्याचा व्यवसायच गुन्हा ठरला. दोन्ही वेळी त्याला कोणी काही विचारले नाही. शिकारीवरील बंदी आवश्यक होती हे मान्य केले तरी, ज्याच्या हातून ज्ञान काढून घेतले त्याला त्याबदल्यात काय दिले याचा हिशेब मांडला गेलेला नाही. पक्षी कोणत्या गवतात, कोणत्या महिन्यात, किती उंचीवर घरटे करतो हे ज्याला फाशासाठी माहीत असावे लागत होते, त्याचे हे ज्ञान राखणीसाठी वापरता येते, याचा प्रत्यय अकोला जिल्ह्यातील वडाळा गावाने दिला आहे. तेथे 'संवेदना' या संस्थेच्या सोबतीने फासेपारध्यांनी शिकार सोडून सामूहिक गवताळ रान राखले; तणमोरासारख्या दुर्मीळ पक्ष्याच्या दृष्टीने अशा माळांना मोल आहे. खान्देशातही लळिंगच्या कुरणासारख्या गवताळ जमिनी आहेत. वनीकरणाच्या कार्यक्रमांत अशा माळांवर रोपे लावून त्यांचे 'रान' करण्याकडे कल असतो, आणि त्यात माळावरच्या पक्ष्यांचे घर जाते हे ओळखणारा माणूस बहुधा कार्यालयात नसतो.

मानांकन आणावयाचेच असेल, तर खान्देशात त्याचे एकक सातबारा असून चालणार नाही. ते गावशिवार असावे लागेल. अर्जदार ग्रामसभा असावी, आणि शिवारातील वनजमीन, गायरान, नदीकाठ व खासगी शेते यांचा एकत्र विचार व्हावा. तपासणाऱ्यांत वनाधिकारी व प्राणिशास्त्राचा प्राध्यापक यांच्या जोडीला शेजारच्या गावची दोन माणसे आणि माग काढू जाणणारा एक तरी माणूस, मानधन देऊन, घ्यावा. किती झाडे लावली याआधी तीन गोष्टी विचाराव्यात : मागील वर्षात शिवारात विजेच्या तारेने किती जनावरे मेली, पीकनुकसानीची भरपाई अर्ज केल्यापासून किती दिवसांनी हाती पडली, आणि रात्री शेतात पाणी भरण्यासाठी जावे लागू नये म्हणून दिवसाची वीज किती शेतांना मिळाली. यांपैकी दुसरे व तिसरे उत्तर गावाच्या हातातच नाही. ते शासनाने द्यायचे आहे. तेव्हा गुणपत्रिकेतील त्या रकान्यांत गुण गावाला मिळणार की वन विभाग व वीज वितरण कंपनी यांना, हे अर्जाचा नमुना छापण्याआधी ठरवावे लागेल.